जुनं पीएचपी ॲप्लिकेशन लारावेलवर नेताना: आधी हिशोब जुळवा, मग स्क्रीन बदला

नव्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं की पहिल्या दिवशी लॉगिन पेज तयार होतं. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड, त्यावर चार रंगीत डबे आणि एक आलेख. आठवडाभरात सगळे खूश. तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘जुन्या सिस्टीममधलं बिल आणि नव्यातलं बिल जुळत का नाही?’ तिथून पुढे वर्ष कसं जातं ते कळत नाही.

चूक बहुतेक वेळा कोडची नसते, क्रमाची असते. जुन्या ॲपमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे डेटा आणि हिशोबाचे नियम, आणि लोक नेमकं तेच शेवटी उघडतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

उदाहरण एकच धरतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. एका दूध संस्थेचं ॲप: साध्या पीएचपी ५.६ मध्ये लिहिलेलं, मागे मायएसक्यूएल डेटाबेस, स्क्रीन मराठीत. सकाळ-संध्याकाळ दूध घेणं, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दर काढणं, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, उत्पादकाला एसएमएस. ते लारावेल या पीएचपीच्या तयार चौकटीवर (फ्रेमवर्कवर) न्यायचं आहे. तुमचं ॲप पतसंस्थेचं असो की शाळेचं, खड्डे साधारण हेच असतात.

## १. आधी यादी: नक्की काय काय चालू आहे

कोड वाचून यादी करू नका. दहा वर्षं जुन्या फोल्डरमध्ये ‘बिल’, ‘बिल_नवीन’, ‘बिल_नवीन_फायनल’ अशा तीन फाइल असतात आणि त्यातली कुठली चालू आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. सर्व्हरचा ॲक्सेस लॉग काढा आणि प्रत्यक्ष कुठल्या पत्त्यांवर लोक येतात ते मोजा. निम्म्या फाइल मेलेल्या निघतात. त्या पुन्हा लिहायच्या नसतात.

पण महिन्याभराच्या लॉगवर विसंबू नका. दिवाळीला वाटायचा दूध दरफरक वर्षातून एकदाच निघतो. ३१ मार्चची शिल्लकही तशीच. या गोष्टी लॉगमध्ये नाहीत म्हणून यादीतून गळतात आणि ऐन दिवाळीत आठवतात. त्यासाठी सचिवांसमोर बसायचं आणि एप्रिल ते मार्च एकेका महिन्यात काय काय काढता हे विचारायचं.

यादीत या गोष्टी हमखास सुटतात: क्रॉनमध्ये लावलेली, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं (सर्व्हरवरच्या प्रत्येक यूजरचा क्रॉन वेगळा बघा), बाहेरून येणारे कॉल, डेटाबेसमधले ट्रिगर आणि स्टोअर्ड प्रोसीजर, कुणीतरी थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेल शीट, आणि छपाई. डॉट मॅट्रिक्सवर पावती निघत असेल तर त्या पावतीचा एक कागद तुमच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ‘हे कोण वापरतं’ याचं नाव आहे का? नाव नसेल तर ती ओळ अजून कळलेली नाही.

## २. बॅकअप घ्या, आणि त्यातून ॲप परत उभं करून दाखवा

बॅकअपची फाइल असणं आणि बॅकअप असणं यात फरक आहे. डंप (डेटाबेसाची फाइलमधली पूर्ण नक्कल) घ्या, दुसऱ्या मशीनवर चढवा, जुनं ॲप त्यावर चालवा, एक बिल काढा. बिल निघालं तर तो बॅकअप.

इथे दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. मायएसक्यूएलचा डंप ट्रिगर आपोआप घेतो, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट वेगळे मागितल्याशिवाय घेत नाही. आणि ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा एकाच क्षणाची नक्कल घेणारा पर्याय फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांना उपयोगी पडतो. जुनी टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारची असतील तर डंप चालू असताना कुणी नोंद केली की अर्धी आत, अर्धी बाहेर. अशा वेळी टेबलं लॉक करूनच डंप घ्या, रात्री.

विंडोजवरच्या झॅम्प या तयार सर्व्हर-संचावरून लिनक्सवर जाणार असाल तर याच टप्प्यात टेबलांची नावं बघा. विंडोजवर कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. मायएसक्यूएल ८ मध्ये ही सेटिंग सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. फोटोंच्या फाइलींचंही तेच: डेटाबेसात नावाच्या शेवटी स्मॉल अक्षरांत जेपीजी आणि डिस्कवर कॅपिटलमध्ये, म्हणजे लिनक्सवर फोटो गायब.

## ३. जुन्या ॲपची साक्ष लिहून घ्या

नवीन ॲपची बरोबर-चूक ठरवणार कशावरून? जुन्या ॲपच्या उत्तरांवरून. म्हणून कोड लिहिण्याआधी ती उत्तरं गोठवून ठेवा.

मागच्या वर्षातले चार-पाच बिलांचे कालावधी निवडा. एक साधा, एक फेब्रुवारीतला २१ तारखेनंतरचा (आठ किंवा नऊच दिवसांचा), एक ३१ तारखेच्या महिन्यातला (अकरा दिवसांचा), एक दर मध्येच बदललेला. प्रत्येक उत्पादकाचं बिल जुन्या ॲपमधून काढून साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा: कोड, लिटर, रक्कम, कपात, देय. ही फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाका. पुढे रोज नवीन कोडचं उत्तर याच्याशी ताडायचं आहे, आणि फरक शून्य आला पाहिजे.

जुनं उत्तर चुकीचं असलं तरी आत्ता तेच खरं धरा. चूक सापडली तर वहीत लिहा, पण स्थलांतर आणि दुरुस्ती एकाच वेळी करू नका. दोन्ही एकत्र केलं की फरक कशाने आला हे कुणालाच सांगता येत नाही.

एक बारकावा. दहा दिवसांत एका उत्पादकाच्या वीस नोंदी होतात. जुनं ॲप प्रत्येक नोंदीची रक्कम दोन दशांशांवर आणत असेल आणि तुम्ही शेवटी एकदाच बेरीज करून आणलीत, तर प्रत्येक नोंदीत जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा म्हणजे बिलात दहा पैशांपर्यंतचा फरक येऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण उत्पादक दहा पैशांसाठी नाही, ‘कॉम्प्युटर बदलला आणि हिशोब बदलला’ यासाठी भांडायला येतो, आणि त्याचं चूक नसतं.

## ४. मराठी मजकूर सरळ करा

इथे थांबून वेळ द्या. परदेशी ट्यूटोरियलमध्ये हा टप्पाच नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिल्यांदा रोग ओळखा. ज्या नोंदीत फक्त ‘म’ एवढं एकच अक्षर आहे अशी एक चाचणी नोंद जुन्या ॲपमधून करा. मग डेटाबेसात त्या नोंदीची अक्षरसंख्या आणि बाइटसंख्या, दोन्ही विचारा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, हे लक्षात ठेवलं की निदान सोपं आहे.

एक अक्षर, तीन बाइट: मजकूर ठीक आहे.

तीन अक्षरं, तीन बाइट: कॉलम लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची, एका अक्षराला एक बाइट देणारी जुनी पद्धत) आहे आणि आत यूटीएफ-८ चे बाइट कोंबलेले आहेत. जुन्या ॲपचं कनेक्शनही लॅटिन-१ असल्यामुळे आत-बाहेर तेच बाइट जात होते आणि स्क्रीनवर मराठी नीट दिसत होतं. लारावेल यूटीएफ-८ च्या कनेक्शनने येतं, आणि ‘म’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, चार टोकं फुटलेलं चलनाचं वर्तुळ आणि गोलातलं नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह अशी तीन चिन्हं दिसतात.

तीन अक्षरं, सहा बाइट: कुणीतरी आधीच ‘दुरुस्ती’ करून बसलंय. मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे.

आणि चौथा प्रकार म्हणजे जिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी साठवलेली आहे. तो कृतिदेव, श्री-लिपी किंवा योगेश-सुरेख अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर असतो.

दुसऱ्या प्रकाराचं औषध: कॉलम थेट यूटीएफ-८ मध्ये बदलायचा नाही. तसं केलंत तर मायएसक्यूएल त्या बाइटांना खरीखुरी लॅटिन अक्षरं समजून त्यांचं प्रामाणिक भाषांतर करतो आणि तुम्ही तिसऱ्या प्रकारात जाऊन पडता. आधी कॉलम व्हारबायनरी करा, म्हणजे डेटाबेस अक्षरं विसरून फक्त बाइट धरतो. मग त्यालाच यूटीएफ-८-एमबी-४ चा व्हारकॅर करा. तिसऱ्या प्रकारात उलटी वाट: मजकूर लॅटिन-१ मध्ये परत आणा, त्याला बायनरी म्हणा, आणि बायनरीला यूटीएफ-८ म्हणून वाचा.

सावधान: ५० लांबीच्या लॅटिन-१ कॉलममध्ये ५० बाइटच मावतात, म्हणजे देवनागरीची सोळा चिन्हं आणि सतराव्याचे दोन बाइट. ‘श्रीकृष्ण’ हे तीन अक्षरांचं नावही मात्रा आणि हलन्त धरून नऊ चिन्हांचं, २७ बाइटांचं. त्याला वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं की शेवट कापला गेलेलाच असतो. हे तुटलेले दोन बाइट रूपांतराच्या वेळी एरर देतात. म्हणून आधीच ज्या नोंदींची बाइटसंख्या कॉलमच्या लांबीला जाऊन भिडते त्या काढा. त्यातल्या तुटक्या शेपट्या छाटा, आणि पूर्ण नावं सभासद नोंदवहीवरून हाताने भरून घ्या. दुसरा इलाज नाही, गेलेले बाइट कुठेच नसतात.

फॉन्टच्या मजकुरासाठी रूपांतराची साधनं मिळतात, पण एकाच साधनावर सगळं सोडू नका. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, कारण तो दिसण्याचा क्रम आहे. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. जोडाक्षर आलं की वेलांटी कुठवर सरकवायची हे साधनांना नेहमी कळत नाही. निदान या शब्दांवर चाचणी घ्या: निर्मिती, कीर्ती, स्थिती, वर्षा, ऱ्हास, कऱ्हाड, ॲडव्होकेट.

शेवटचे दोन शब्द मुद्दाम घातले आहेत. ‘कऱ्हाड’मधला चंद्रकोरीचा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे. डेटाबेसाला दोन वेगळी गावं. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, किंवा अ वर चंद्र. शोध लागत नाही अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा यातलं काहीतरी असतं, असं मी म्हणायचो. आकडा मोजलेला नाही, वैताग मोजलेला आहे. एकच रूप ठरवा, जुना डेटा त्या रूपात आणा, आणि नव्या ॲपमध्ये साठवण्याआधी प्रत्येक मजकूर त्याच छोट्या फंक्शनमधून जाऊ द्या.

तपासा: कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारी सेटिंग) बदलल्यावर ‘कुठली दोन नावं सारखी’ याचा नियमही बदलतो. नाव किंवा गावावर युनिक की असेल तर आधी नक्कल डेटाबेसवर बदलून बघा.

## ५. टेबलं सुधारा, पण मोजकीच

मायआयसॅम टेबलं इनोडीबी करा, आधी. लारावेलमध्ये ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) लिहिलंत आणि टेबल मायआयसॅम राहिलं, तर कुठलीही एरर येत नाही. फक्त रोलबॅकच्या वेळी काहीच मागे येत नाही. बिलाची नोंद झालेली, कपातीची नाही, आणि लॉगमध्ये सगळं आलबेल.

शून्य-शून्य-शून्य तारखा (वर्ष, महिना, दिवस सगळंच शून्य) शोधा. लारावेलच्या डेटाबेस सेटिंगमध्ये स्ट्रिक्ट मोड (अशा चुकीच्या किमती नाकारणारा) मुळातच चालू असतो आणि तो आपल्या कनेक्शनपुरता लागू होतो. म्हणून तीच क्वेरी पीएचपी-माय-ॲडमिनमध्ये चालते, जुन्या ॲपमध्ये चालते आणि लारावेलमध्ये आपटते. ग्रुप बायच्या जुन्या ढिल्या क्वेरींचंही तेच. पुष्कळ जण स्ट्रिक्ट बंद करून मोकळे होतात. स्थलांतराच्या काळापुरतं ठीक, पण मग कधीपर्यंत बंद ठेवणार याची तारीख लिहून ठेवा.

आता फ्लोट. यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. दरपत्रकाच्या टेबलात फॅटचा कॉलम फ्लोट होता. नव्या कोडमध्ये फॅट ३.५ चा दर मिळायचा. ४.० चा मिळायचा. ३.६ चा मिळायचाच नाही, आणि टेबलात तर ३.६ समोर दिसतोय. कारण साधं आहे: ३.५ आणि ४.० हे आकडे दोनाच्या पाढ्यात अचूक बसतात, ३.६ बसत नाही. फ्लोट कॉलममधला ३.६ आणि क्वेरीत लिहिलेला ३.६ यांची अचूकता वेगळी, म्हणून ‘बरोबर’चं चिन्ह त्यांना बरोबर मानत नाही. जुन्या कोडमध्ये कुणीतरी शहाण्याने राउंड करून तुलना केली होती आणि मी ती ‘अनावश्यक’ म्हणून काढली होती. फॅट, एसएनएफ, लिटर, रक्कम: सगळं डेसिमल करा.

जुन्या कोडमधला विचित्र तुकडा काढण्याआधी तो तिथे का आहे हे शोधा. सापडलं नाही तर तसाच घेऊन चला.

## ६. लारावेल जुन्या डेटाबेसवर बसवा

लारावेल १२ ला किमान पीएचपी ८.२ लागतं. जुनं ॲप ५.६ वर आहे, आणि ५.६ ला ३१ डिसेंबर २०१८ पासून सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत. जुन्या कोडला ८.२ वर ओढायचं की जिथे आहे तिथे राहू द्यायचं? मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली, त्यामुळे ओढायचं तर प्रत्येक क्वेरीला हात लागतो. माझं मत: सहा महिन्यांत जे बंद होणार आहे त्याला नवे कपडे शिवू नका. एकाच सर्व्हरवर पीएचपीची दोन व्हर्जन शेजारी चालतात. जुनं आतल्या जाळ्यात बंदिस्त ठेवा, बाहेरून थेट दिसू देऊ नका.

मग मॉडेल लिहा, पण लारावेलची गृहीतकं जुन्या टेबलांना लागू नाहीत हे ध्यानात ठेवून. टेबलाचं नाव, प्रायमरी की, तयार-बदल वेळेचे कॉलम नसणं, हे प्रत्येक मॉडेलमध्ये सांगावं लागतं. उत्पादक कोड ‘००७’ असा मजकूर असेल तर की आपोआप वाढणारी नाही आणि तिचा प्रकार मजकूर आहे हेही सांगा. नाहीतर इलोक्वंट (लारावेलचा डेटाबेसाशी बोलणारा भाग) त्याचा आकडा करतं आणि ००७ चा ७ होतो.

सावधान: लारावेलमध्ये ‘मायग्रेट फ्रेश’ ही आज्ञा डेटाबेसातली सगळी टेबलं उडवते, जुन्या ॲपचीसुद्धा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे चाचण्यांमधला ‘रिफ्रेश डेटाबेस’. चाचणीचा डेटाबेस वेगळा लिहिला नसेल तर तो मुख्य सेटिंगमधलाच डेटाबेस साफ करतो. एकच खात्रीचा उपाय आहे: नव्या ॲपच्या डेटाबेस यूजरला टेबल उडवण्याचा अधिकारच देऊ नका. रचनेतले बदल वेगळ्या यूजरने करा.

## ७. दोन्ही ॲप शेजारी चालवा

जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो तसं करायचं. भिंत एका दिवसात पडत नाही, मुळं हळूहळू जागा घेतात. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला नाव दिलं तेही अशाच, दुसऱ्या झाडाला वेढून वाढणाऱ्या झाडावरून.

समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा. ठरावीक पत्ते लारावेलकडे, बाकी सगळे जुन्याकडे. एखादा भाग बिघडला तर एक ओळ बदलून तो पत्ता परत जुन्याकडे वळवता आला पाहिजे, दोन मिनिटांत. जुने पत्ते नव्यावर वळवताना सुरुवातीला तात्पुरतं रीडायरेक्ट वापरा. कायमचं रीडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि मग मागे फिरायचं म्हटलं तर केंद्रावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरची कॅशे साफ करत फिरावं लागतं.

लॉगिन जुन्याकडेच राहू द्या. नव्या भागाकडे जाताना जुन्या ॲपने एक टोकन टेबलात लिहावं, लारावेलने ते वाचून आपलं सेशन सुरू करावं. टोकन एका मिनिटाचं आणि एकदाच चालणारं. दोघांचं सेशन एकच करण्याच्या भानगडीत पडू नका, लारावेलची कुकी कूटबद्ध असते आणि जुन्या पीएचपीला ती वाचता येत नाही.

## ८. एकेक भाग हलवा, या क्रमाने

आधी फक्त वाचणारे रिपोर्ट. मग उत्पादक आणि दरपत्रकासारखी मूळ माहिती. मग रोजची दूध नोंद. बिल सगळ्यात शेवटी. रिपोर्ट चुकला तर कुणाचे पैसे चुकत नाहीत आणि तुमचं मॉडेल बरोबर आहे की नाही हे फुकटात कळतं.

नोंदीच्या स्क्रीनला मात्र बसून काम करा. केंद्रावर दूध घेणारे अण्णा माउसला हात लावत नाहीत. कोड, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर, एसएनएफ, एंटर, पावती. साध्या वेब फॉर्ममध्ये पहिल्याच एंटरला फॉर्म सबमिट होतो. समोर कॅन घेऊन चाळीस माणसं उभी असताना हे कळणं फार वाईट. एंटरने पुढच्या चौकटीत जाणं आधीच लिहा, आणि पहाटे एकदा केंद्रावर जाऊन उभे राहा.

पहाटेवरून आठवलं. लारावेलची वेळ मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ५:१० ची नोंद आदल्या रात्रीच्या ११:४० ला पडते. तासावरून सकाळ-संध्याकाळ ठरत असेल तर आजचं सकाळचं दूध कालच्या संध्याकाळच्या खात्यात जातं. ११ तारखेला हे झालं तर ते मागच्या बिलात शिरतं. साडेपाचनंतरच्या सकाळच्या नोंदी मात्र ठीक दिसतात, म्हणून पटकन लक्षात येत नाही. आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतलं दूध ‘सकाळ’ होतं. ॲपची वेळ पहिल्याच दिवशी आशिया-कोलकाता करा. नंतर केली तर आधीच्या नोंदी साडेपाच तासांनी सरकवायच्या, पण जुन्या ॲपने केलेल्या सोडून, हे निस्तरावं लागतं.

रिकाम्या चौकटीचं वेगळं. पीएचपी ७ पर्यंत रिकामा मजकूर आणि शून्य यांची ढिली तुलना ‘सारखे’ म्हणायची, पीएचपी ८ म्हणत नाही. ‘फॅट शून्य असेल तर अडव’ असा जुना कोड तसाच उचललात तर रिकामी फॅट अडत नाही. त्यात लारावेल फॉर्ममधून आलेला रिकामा मजकूर आपणहून नल (किंमतच नाही) करतं, आणि नल-शून्याची ढिली तुलना अजूनही सारखीच येते. म्हणजे फॉर्ममधून एक वागणूक, फाइल आयातीतून दुसरी. तुलनेवर विसंबू नका, व्हॅलिडेशनचे नियम स्पष्ट लिहा. शिवाय जुन्या कॉलमला नल चालत नसेल तर शेरा रिकामा ठेवल्यावरही नोंद फेटाळली जाते.

दाखवण्यात एक जुनी घाण वर येते. आधीच्या कोडने साठवतानाच विशेष चिन्हं बदलून किंवा उलटी तिरपी रेघ घालून ठेवलेली असतात. ब्लेड, म्हणजे लारावेलचा पानं दाखवणारा भाग, ती दाखवताना पुन्हा बदलतं, आणि ‘पाटील & सन्स’मधल्या ‘&’ऐवजी भलताच मजकूर दिसतो. त्यावर न बदलता दाखवणारा कंस वापरणं हा इलाज नव्हे, ते दार उघडं टाकणं आहे. डेटा एकदाच साफ करा.

तपासा: एसएमएसचा मजकूर अक्षरशः तोच आहे का? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार टेम्पलेट डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवलेलं असतं. एखादा शब्द सुधारलात तर संदेश जात नाही, आणि ॲपला मात्र तो पाठवला असंच वाटतं.

लॉगिन नव्याकडे आणाल तेव्हाच्या पासवर्डबद्दल थोडक्यात. जुने एमडी-५ या कच्च्या पद्धतीने साठवलेले असतील तर सगळ्यांना नवीन पासवर्ड घ्यायला लावायची गरज नाही. आहे त्या एमडी-५ वर बीक्रिप्ट ही मजबूत पद्धत चढवा, लॉगिनच्या वेळी त्याच क्रमाने तपासा, आणि माणूस आत आला की त्याच्या खऱ्या पासवर्डचं थेट बीक्रिप्ट साठवा. कॉलमची लांबी आधी वाढवा: एमडी-५ ची ३२ अक्षरं असतात, बीक्रिप्टची ६०.

## ९. बदलाची रात्र

तारीख संस्थेच्या घड्याळावरून ठरवा, तुमच्या नाही. मागच्या दहा दिवसांचं बिल जुन्यावर निघालेलं असावं आणि नवीन कालावधी नव्यावर सुरू व्हावा. म्हणजे १० किंवा २० तारखेचं संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर, पहाटेच्या आत. महिनाअखेर नको, मार्च तर नकोच.

रात्रीचा क्रम कागदावर लिहा आणि आदल्या आठवड्यात नक्कल सर्व्हरवर घड्याळ लावून एकदा करून बघा. जुनं ॲप फक्त वाचण्यापुरतं करा. जुना क्रॉन बंद करा, मग लारावेलचा शेड्यूलर चालू करा, उलट नाही. मी एकदा उलट केलं होतं आणि प्रत्येक उत्पादकाला बिलाचे दोन एसएमएस गेले. सकाळी निम्मे लोक दुप्पट पैसे घ्यायला आले. शेवटचा डंप, शेवटची रूपांतरं, तिसऱ्या टप्प्यातल्या फाइलींशी ताळा, मग एनजिनएक्सची ओळ.

मागे फिरायची वेळ आधीच ठरवा. पहाटे तीनपर्यंत ताळा शून्य आला नाही तर जुनं ॲप परत चालू, चर्चा नाही. तीन वाजता दमलेल्या डोक्याने ‘अजून अर्धा तास बघू’ असं वाटतंच, म्हणून हा निर्णय दुपारीच घेऊन ठेवायचा. सकाळच्या संकलनानंतर मागे फिरायचं तर नव्यातल्या नोंदी जुन्यात घालणारी स्क्रिप्टही तयार हवी. ती लिहिलेली नसेल तर तुमच्याकडे परतीचा रस्ता आहे असं समजू नका.

फॉर्म पाठवल्यावर ४१९ आकड्याचं ‘पेज एक्सपायर्ड’ दिसलं तर घाबरू नका. फॉर्ममध्ये लारावेलचं सुरक्षा टोकन घालायचं राहून गेलं आहे, किंवा जुन्या स्क्रीनवरचा फॉर्म नव्या पत्त्यावर येतोय. बाहेरून येणाऱ्या बँकेच्या किंवा एसएमएसच्या कॉलना मात्र या तपासणीतून वगळावं लागतं, आणि त्यांची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवावी लागते.

## १०. जुनं बंद करणं

पहिली तीन बिलं नव्यावर निघेपर्यंत जुन्या ॲपची प्रत फक्त वाचण्यासाठी ठेवा. डेटाबेस यूजरचे लिहिण्याचे अधिकार काढून घ्या. कोडमध्ये बटण लपवणं म्हणजे बंद करणं नव्हे.

रोज जुन्याचा ॲक्सेस लॉग बघा. कुणी येतंय का? एका संस्थेत महिनाभर रोज रात्री साडेआठला जुन्या रिपोर्टवर एक भेट दिसायची. क्रॉन बंद होता, कर्मचारी नाही म्हणत होते. शेवटी अध्यक्षांच्या घरच्या कॉम्प्युटरवर बुकमार्क सापडला. जेवण झालं की ते त्या दिवसाचं एकूण दूध बघायचे, आणि महिनाभर तोच आकडा दिसत असूनही ‘सध्या दूध स्थिर आहे’ म्हणून गप्प होते.

वर्षाचं लेखापरीक्षण पूर्ण झालं की शेवटचा डंप, जुना कोड आणि जुन्या पीएचपीसकट पूर्ण चालणारी प्रत एका डिस्कवर घ्या. ती दुसऱ्या मशीनवर लावून एक बिल काढून बघा. निघालं की मगच जुन्या सर्व्हरची वायर काढा.